कोचिश मिहायनं घेतलेलं नाव

पुंगोल, सिंगापूर
१८ जुलै २०१५

मामा,

रागात लिहिते आहे, हे आधीच सांगते. फोन केला असता, पण तुम्हाला तो ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

मरीन परेडच्या कोचिश आजोबांबद्दल मी तुम्हाला एकदा ओझरतं लिहिलं होतं. बालिंट कोचिश, वय शहाऐंशी, हंगेरियन. जहाजावरचे इंजिनिअर म्हणून सिंगापूरला आले, इथल्याच चिनी बाईंशी लग्न करून राहिले. बाई गेल्या. आता मुलगी लिलियन त्यांना सांभाळते. दोन वर्षं दर शनिवारी मी त्यांच्याकडे हंगेरियन शिकायला जाते. त्यांच्याशिवाय माझा प्रबंध उभाच राहिला नसता.

विषय तुम्हीच सुचवलेला. दोन महायुद्धांच्या मधला हंगेरी: गादी रिकामी, राजाच्या जागी रीजंट, पण नाव राज्याचंच आणि पार्लमेंटच्या निवडणुकाही होणार. शहरात चिठ्ठी पेटीत टाकायची. खेड्यात मात्र समितीपुढे उभं राहून उमेदवाराचं नाव तोंडानं सांगायचं, ते लेखनिक तुमच्या नावापुढे लिहिणार. जहागिरीचा कारभारी तिथेच खुर्ची टाकून बसलेला, दारात बंदुकवाले शिपाई. आणि तुम्ही त्या जहागिरीच्या जमिनीचे खंडकरी.

आजोबांचे वडील, कोचिश मिहाय (तिकडे आडनाव आधी घेतात), असेच खंडकरी होते. १९३५च्या एप्रिलमध्ये त्यांनी कारभाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून विरोधी पक्षाच्या, छोट्या शेतकऱ्यांच्या उमेदवाराचं नाव घेतलं. जमीन गेली. बिऱ्हाड गाडीत घालून गाव सोडावं लागलं. बालिंट तेव्हा सहा वर्षांचे. हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं आहे की ती गाडी, तो घोडा, रस्त्यात उभा राहून हसणारा कारभारी मला तोंडपाठ आहेत. माझं चौथं प्रकरण पूर्ण त्यांच्यावर आहे.

परवा तिथल्या अभिलेखागारातून मतनोंदवहीच्या प्रती आल्या. क्रमांक एकशे बारा, कोचिश मिहाय. पुढे सरकारी पक्षाच्या उमेदवाराचं नाव. स्वच्छ अक्षरात, खाडाखोड नाही.

दोन वर्षं, मामा! दोन वर्षं त्या माणसानं मला कॉफी पाजून खोटं सांगितलं. माझ्या मार्गदर्शक म्हणतात, प्रकरण काढून टाक. मला वाटतं, ती वही नेऊन त्यांच्यासमोर उघडी ठेवावी आणि विचारावं, हे काय आहे?

प्रबंध मी दोन माणसांना अर्पण करणार होते. एक मिहाय. दुसरे तुम्ही. बाबांना कॉलेजातून काढलं तेव्हा तुम्ही राजीनामा अध्यक्षांच्या टेबलावर टाकून बाहेर पडलात, ही गोष्ट आईनं मला जेवणाबरोबर भरवली आहे. मिहायची गोष्ट मला इतकी पटली, ती तुमच्यामुळेच. आता एक नाव खोडावं लागेल.

काय करू, लगेच कळवा. आई बरी आहे. रुचिर तुआसच्या जहाजांच्या यार्डात दिवसदिवस असतो, त्यामुळे जाईला शाळेत सोडणं-आणणं आईकडेच आहे.

उत्कर्षा


पुणे
३ ऑगस्ट २०१५

उत्कर्षा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या मार्गदर्शक बाईंचं बरोबर आहे. प्रकरण काढ.

तुझा विषय एक माणूस नाही, पद्धत आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी खराखुरा राजा होता तेव्हाही हंगेरीत शंभरातल्या सहाच लोकांना मत होतं, आणि तेही उघड. १९२०मध्ये मत गुप्त झालं. दोनच वर्षांत पंतप्रधान बेथलेनच्या सरकारनं वटहुकूम काढून खेड्यांतलं मत पुन्हा उघड केलं आणि लाखोंची नावं यादीतून उडवली. का, ते लिही. मतदारसंघ मोज, आकडे मांड. कोण म्हातारा काय आठवतो, हा इतिहास नव्हे.

पण ती वही त्यांना दाखवू नकोस. मी तुला बजावून सांगतो आहे. शहाऐंशी वर्षांच्या माणसासमोर त्याच्या बापाची कागदपत्रं फडकावण्यात कसली विद्वत्ता आहे? तू पुंगोलच्या सोळाव्या मजल्यावर एसी लावून बसली आहेस. समोर कारभारी बसलेला असताना, घरात बायको आणि सहा वर्षांचं पोर असताना, तोंडातून कुठलं नाव निघतं ते तुला ठाऊक नाही. देव करो आणि कधी ठाऊक न होवो. तुमच्या पिढीला न्यायाधीशाची खुर्ची फार लवकर मिळते.

आणि अर्पणपत्रिकेत माझं नाव नको. हे सौजन्यानं म्हणत नाही. नको म्हणजे नको.

सुलभाला सांग, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कुणा येणाऱ्याबरोबर पाठवतो.

मामा


पुंगोल, सिंगापूर
२० सप्टेंबर २०१५

मामा,

तुमचं पत्र यायच्या आतच मी दाखवून बसले होते. नंतर आलं असतं तरी दाखवलंच असतं. तुम्ही एवढे का चिडलात, ते मला कळलं नाही.

त्यांनी चष्मा लावला, बोट त्या ओळीवर ठेवलं. बराच वेळ बोट हललं नाही. मग एकदम कॉफीचा मग टेबलावर आपटला.

"हे खोटं आहे. लेखनिकानं खोटं लिहिलंय."

"आजोबा, गावातल्या अकरा जणांची विरोधी मतं त्यानं बरोबर लिहिली आहेत. मग एकट्या तुमच्या वडिलांचंच कशाला खोटं लिहील?"

"गेट आउट," ते म्हणाले. दोन वर्षांत प्रथमच इंग्रजीत ओरडले. लिलियन लिफ्टपर्यंत माझ्यामागे आली. "व्हाय यू मस्ट शो हिम? एटी-सिक्स ऑलरेडी. लेट हिम बी, ला." मला तेव्हा लाज वाटली नाही, रागच होता.

महिनाभर काही नाही. मग इथल्या निवडणुकीच्या दिवशी त्यांचा फोन आला, ये म्हणाले. गेले तर इस्त्रीचा शर्ट घालून, मतदान करून आलेले. बाहेर इंडोनेशियातल्या वणव्यांच्या धुराचा पडदा, सगळ्या खिडक्या बंद.

"मी आज कुणाला मत दिलं ते लिलियनलाही सांगितलं नाही," ते म्हणाले. "तिनं विचारलंही नाही. माझ्या बापाला हे मिळालं असतं तर मी इथे नसतो."

मग त्यांनी सांगितलं. मतदान शाळेत होतं. पोरं खिडकीखाली उभी राहून ऐकत होती, कोण कुणाचं नाव घेतो ते. "बाप नेहमी मोठ्यानं बोलायचा. शेताच्या या टोकावरून हाक मारली की त्या टोकाचा बैल वळायचा. त्या दिवशी लेखनिक म्हणाला, ऐकू आलं नाही, परत सांग. त्याला ते नाव दोनदा घ्यावं लागलं. दुसऱ्यांदा मी ऐकलं."

म्हणजे ते जाणून होते. सहा वर्षांचे होते तेव्हापासून.

विरोधी नाव घेतलेल्या अकरांपैकी नऊ जणांचे खंड त्या शरद ऋतूत काढून घेतले. मिहायचा खंड राहिला. गिरणीत त्यांचं पोतं उचलायला कुणी हात लावीना. चर्चमध्ये ते बसले की बाक रिकामा होई. मिहायची बायको विहिरीवर गेली की बाकीच्या घागरी उचलून निघून जात. पुढच्या वसंतात त्यांनी आपण होऊन गाडी भरली.

"आणि रस्त्यात हसत उभा असलेला कारभारी?" मी विचारलं.

"रस्त्यावर कुणी नव्हतं. सगळ्यांची दारं बंद होती. कारभारी मी नंतर आणून उभा केला." पुढे म्हणाले, "नव्या गावात आई सांगायला लागली, जहागिरीनं हाकललं. बाप तिथेच खोगीर शिवत बसलेला असायचा. तो कधी हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही."

निघताना म्हणाले, "लिही. नावासकट लिही. दोनदा घ्यावं लागलं, तेही लिही."

प्रकरण मी काढणार नाही, मामा. नव्यानं लिहिते आहे. माझा राग मिहायनं काय नाव घेतलं यावर नाहीच, तिथे तुमचं बरोबर आहे. माणूस भितो. पण त्या नऊ घरांनी जे गमावलं त्याचा मान या घरानं ऐंशी वर्षं आपल्या अंगावर मिरवला. दुसऱ्याच्या जखमेचा व्रण आपल्या कपाळावर काढून घेतला. ते मला सोसत नाही.

म्हणूनच प्रस्तावनेत तुमची गोष्ट मी घालणार. तुम्ही विनयानं नको म्हणताय, मी ऐकणार नाही. १९८२ची ती सभा, हात वर करायला लावणारे अध्यक्ष आणि तुमचा राजीनामा. फक्त तारीख हवी आहे. राजीनाम्याची प्रत असेल तर पाठवा. येत्या जानेवारीत कॉलेजच्या पन्नाशीच्या समारंभात तुमचा सत्कार आहे ना? तोही उल्लेख करते.

उत्कर्षा


पुणे
८ ऑक्टोबर २०१५

उत्कर्षा,

पाकिटावर फक्त तुझं नाव घातलं आहे आणि तसं लिहिलंही आहे. हे तुझ्या आईच्या हाती पडू देऊ नकोस.

तू माझ्याकडे तारीख मागितलीस. सभा १४ जुलै १९८२ची. राजीनामा ३ जानेवारी १९८३चा. मधे साडेपाच महिने आहेत. तू इतिहास शिकली आहेस, या साडेपाच महिन्यांबद्दल कधी कुणाला कसं विचारावंसं वाटलं नाही?

तुझ्या बाबांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं होतं, की अध्यक्षांच्या पुतण्याचे गुण कॉलेजात वाढवले गेले. खरं होतं. अध्यक्षांनी सगळा स्टाफ हॉलमध्ये बोलावला. एकतीस माणसं. म्हणाले, संजीव सरांनी संस्थेची बदनामी केली असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. हेडक्लार्क वही घेऊन उभा. आधी अठरा हात आले. बाकीचे इकडेतिकडे बघत होते. मग अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले, "हेमचंद्रराव, तुमचे तर मेहुणे. तुमचं काय मत?"

मी पहिल्या रांगेत होतो. हात वर केला.

"बघा, सख्खा मेहुणासुद्धा," अध्यक्ष म्हणाले. त्यानंतर दहा हात एकदम वर गेले. दोन राहिले: तुझ्या बाबांचा आणि मराठीच्या मेधाताईंचा. दोघंही महिन्याच्या आत घरी बसली.

माझी नोकरी राहिली. पण ज्यांनी माझं बघून हात वर केले, त्यांना माझंच तोंड बघवेना. मी स्टाफरूममध्ये शिरलो की गप्पा थांबत. जानेवारीत सोडली. पुण्याला आलो. सुलभा तेव्हा तुझ्या जन्मानंतर माहेरीच होती. तिनं दारातच गळ्यात पडून विचारलं, "दादा, ह्यांच्यासाठी तूही सोडलीस?" मी नाही म्हणालो नाही. बस, एवढंच. एक वाक्य मी बोललो नाही, आणि तेहतीस वर्षं ते बोललो नाही.

संजीवला सगळं ठाऊक होतं. तो समोरच उभा होता. त्यानं घरात कधी सांगितलं नाही. मी त्याच्याबद्दल कृतज्ञ असायला हवं होतं, पण खरं सांगतो, मला त्याचा राग येत असे. तो गप्प राहून मला रोज हरवत होता.

तू लिहिलंस, दुसऱ्याच्या जखमेचा व्रण कपाळावर काढून घेतला. ते वाचून तुझाही राग आला. म्हणून लिहितो आहे. हे छापलं जाता कामा नये. मी आयुष्यभर पोरांना शिकवलं, कागद पारखून घ्या. माझ्यामुळे एक खोटा कागद जगात यायला नको.

मामा


पुंगोल
१९ ऑक्टोबर २०१५

दादा,

पत्रपेटीची किल्ली माझ्याकडे असते. तुझं अक्षर आणि वर "फक्त उत्कर्षासाठी". मला वाटलं तुला काही मोठा आजार निघाला आणि तू माझ्यापासून लपवतो आहेस. म्हणून खालीच उभी राहून फोडलं. जाई हात ओढत होती, "आज्जी, गो अप लेह, आय हंग्री." तिला मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा.

तू हात वर केलास, त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. तुझ्या जागी मी काय केलं असतं, देव जाणे. तुझी दोन पोरं होती, वहिनी आजारी होती.

पण तू नंतर काय केलंस, ते तुला कळतं का? तू आम्हाला तुझ्या उपकाराखाली ठेवलंस. हे तुझ्याकडे यायला तयार नसत. गणपतीला नाही, तुझ्या मुकुलच्या लग्नाला नाही. आणि मी त्यांना काय काय बोलत असे! "माझ्या भावानं तुमच्यासाठी नोकरीवर पाणी सोडलं आणि तुम्हाला त्याच्या दारात पाऊल टाकवत नाही? एवढा कृतघ्न माणूस मी पाहिला नाही." कृतघ्न, दादा. हा शब्द मी त्यांना किती वेळा ऐकवला असेल! ते पेपर वर धरत आणि म्हणत, "असेन."

असेन! सत्तावीस वर्षं तो माणूस माझ्या घरात, माझ्या तोंडून हे ऐकत राहिला. का, तर माझा भाऊ माझ्यापासून तुटू नये म्हणून. २००९मध्ये हॉस्पिटलात होते तेव्हा तू भेटायला आलास, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तू गेल्यावर मी त्यांना त्या अवस्थेत बोलले. तेच आमचं शेवटचं भांडण. चार दिवसांनी गेले.

आता मी कुणाची माफी मागू? सांग ना. तू इतका शिकलेला आहेस.

तू उत्कर्षाला लिहिलंस, कागद खोटा निघू नये म्हणून. कागदाची काळजी वाटली. माझी नाही, त्यांची नाही. आणि वर हेही लिहितोस की तुला त्यांचा राग यायचा!

यंदा भाऊबीजेला मी ताट मांडणार नाही. जानेवारीत तो सत्कार घ्यायला तू जाणार आहेस की नाही, मला ठाऊक नाही. जा किंवा जाऊ नकोस. पण त्या गावात ह्यांचं नाव अजून "संस्थेची बदनामी करणारे" म्हणूनच आहे. ते तुझ्या हातानं लिहिलं गेलं.

सुलभा


पुणे
२७ जानेवारी २०१६

सुलभा,

तू उत्तर देणार नाहीस हे गृहीत धरून लिहितो. जे झालं तेवढंच लिहितो.

परवा समारंभाला गेलो. हॉल तोच आहे. जुने अध्यक्ष गेले, आता तो पुतण्या अध्यक्ष आहे. निवेदकानं माझी ओळख करून दिली, "अन्यायाविरुद्ध राजीनामा देणारे तत्त्वनिष्ठ प्राध्यापक." शाल, श्रीफळ. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

मी म्हणालो, "१४ जुलै १९८२ला याच हॉलमध्ये प्राध्यापक संजीव यांच्याविरुद्ध मी हात वर केला. त्यांनी लिहिलेलं पत्र खरं होतं, हे मला तेव्हा माहीत होतं. माझं बघून आणखी दहा जणांनी हात वर केला. मी त्यांच्यासाठी राजीनामा दिला नाही. ते खोटं आहे आणि ते मी चालू दिलं."

पुढेही बोलणार होतो. माईक बंद झाला. मग माईकशिवाय बोललो. पुतण्याच्या गुणांचंही बोललो, तो शेजारच्या खुर्चीत असताना. मागून आपला जुना प्रबोध, भूगोलाचा, ओरडला, "हेमचंद्र, खाली बस! तुझं तू बघ, आम्हाला कशाला ओढतोस?" त्याचा हातही त्या दहांत होता.

मेधाताई चौथ्या रांगेत होत्या. त्यांना कुणी व्यासपीठावर बोलावलं नव्हतं. मी खाली उतरलो आणि शाल त्यांच्यापुढे धरली. त्या म्हणाल्या, "तुमची तुम्ही ठेवा. मला थंडी वाजत नाही." आणि पर्समधून चष्मा काढून कार्यक्रमपत्रिका वाचायला लागल्या.

मी हॉलमधून एकटाच बाहेर आलो. जेवणाचं कुपन खिशात राहिलं. एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो. संस्थेला लेखी निवेदन रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं आहे, त्याची प्रत सोबत आहे. उत्कर्षाला ती वापरायची असेल तर वापरू दे, माझ्या नावासकट.

माफी मागत नाही. ज्याची मागायची तो नाही, हे तूच लिहिलंस.

दादा


पुंगोल, सिंगापूर
१२ फेब्रुवारी २०१६

मामा,

प्रबंध मार्चमध्ये देते आहे. चौथं प्रकरण कोचिश आजोबांना वाचून दाखवलं. "दोनदा" या शब्दावर त्यांनी मला थांबवलं आणि तो पुन्हा वाचायला लावला. अर्पणपत्रिकेत आता विरोधी नाव घेतलेल्या त्या अकरा जणांची नावं आहेत, वहीतल्या क्रमानं, आणि खाली बाबा आणि मेधाताई. तुमचं निवेदन परिशिष्टात घालते आहे. तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. तो जाईल असं खोटं आश्वासन मी देत नाही.

तुमचं पत्र आईनं चार दिवस फोडलं नाही. देवाजवळ ठेवलं, मग तिथून उचलून फ्रिजवर ठेवलं. काल संध्याकाळी जाईला शाळेतून घेऊन आली, पाय धुतले आणि मला म्हणाली, "वाच. मला चष्म्यानं डोकं दुखतं."

मी मोठ्यानं वाचलं. ती भाजी निवडत होती. मेधाताईंपाशी तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. संपल्यावर विचारलं,

"शेवटी टाळ्या वाजल्या का?"

मी कागद पुन्हा पाहिला. "नाही. तसं काही लिहिलेलं नाही."

"मग खरं बोलला असेल," ती म्हणाली, आणि निवडलेली भाजी धुवायला उठली.

उत्कर्षा